दरडीची वाळू

१

घंटा ओतायची असली की आमच्या अंगणात गाव जमतं. वितळलेलं पितळ मुशीतून साच्यात उतरतं, बायका छातीवर क्रूस काढतात, पुरुष टोप्या काढून हातात धरतात. वाळू चाळताना बघायला मात्र आजवर कुणी आलेलं नाही. आणि घंटा बिघडली तर ती बहुतेक वाळूनंच बिघडवलेली असते. ओली राहिली तर धातू उकळ्या मारून उसळतो, कोरडी राहिली तर साचा ढासळतो.

आमच्या घरात वाळू माझ्याकडे. लग्न होऊन ओकोतेपेकला, या डोंगरातल्या गावात, आले तेव्हा सासूबाईंनी चाळणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "स्वयंपाक मी करीन. गुडघ्यांमुळे मला आता वाळू तुडवता येत नाही." तेव्हापासून हेच चाललंय. कालची जळकी वाळू फोडायची, तिच्यातले पितळेचे थेंब वेचायचे, चाळायची, नवी वाळू मिसळायची. चिकणमातीचं पाणी आणि थोडी काकवी शिंपडायची, मग अनवाणी पायांनी कणकेसारखी तुडवायची. ढीग गुळगुळीत थापून वर ओली गोणपाटं टाकायची आणि रात्रभर मुरू द्यायची.

सकाळी परीक्षा. मूठभर वाळू घ्यायची, घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. तळहातावर गोळा राहतो, त्यावर चार बोटांच्या खाचा. तो मधोमध मोडायचा. कडा भाकरीच्या तुकड्यासारख्या स्वच्छ मोडल्या तर वाळू तयार. भुगा झाला तर अजून पाणी.

हे सगळं वाळूच्या खोलीत. स्वयंपाकघर आणि भट्टीची शेड यांच्या मधे ती बसकी दगडी खोली आहे. खिडकी नाही. एक दार अंगणात, एक भट्टीकडे, दोन्हींवर पोत्याचे पडदे, कारण वाळूला ऊन लागता कामा नये. आत नेहमी गार असतं आणि ओल्या पावसाचा वास येतो. मला ती खोली आवडायची.

२

त्या वर्षी पावसाळ्यात ओढ्यावरचा डोंगर सुटला.

आमची जुनी देवळी, म्हणजे गावचं छोटं चर्च, त्याच उतारावर होती. माझा धाकटा दीर फिदेन्सिओ तिथला घंटा वाजवणारा. डोंगर कुरकुरायला लागला तेव्हा बाकीचे खाली पळाले, तो वर गेला. घंटा वाजत राहिली म्हणून खालच्या आळीतली माणसं लेकरं काखेत मारून बाहेर पडली. सगळी वाचली. मग घंटा थांबली.

देवळी सापडली नाही, घंटा सापडली नाही, फिदेन्सिओही सापडला नाही. पाद्री शांतीची प्रार्थना करू म्हणाले तर सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "आधी माझा पोरगा दाखवा. मग रडते."

गावानं नवी देवळी खालच्या सपाटीवर बांधायला घेतली, आणि घंटा कुणी करायची हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माझा नवरा निकानोर भावासाठी घंटा ओतणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण आमची वाळूची जुनी खाण दरडीखाली गेली होती. निकानोर फावडं घेऊन उतारावर फिरला आणि संध्याकाळी खेचरावर दोन पोती लादून आला.

"ही बघ." त्यानं मूठ माझ्यापुढे धरली. "दरडीनं पोट फाडून दिलीय. हिला चिकणमाती नको, काकवी नको. नुसतं पाणी दाखवलं तरी धरते."

वाळू तांबडी होती, मैद्यासारखी बारीक. मी चिमूट घेऊन चोळली. बोटांना ती जरा जास्तच वेळ चिकटून राहिली.

"वास नाही हिला," मी म्हणाले.

"वाळूला कसला वास लागतो? तुला काय सरबत करायचंय तिचं?"

३

पहिल्या सकाळी मी गोणपाट उचललं, मूठ भरली, आवळली, उघडली. गोळा सुरेख धरला होता. मोडणार, तेवढ्यात काहीतरी खटकलं.

माझी तर्जनी जाड आहे, करंगळी बारीक. गोळ्यावर नेहमी जाड खाच अंगठ्याच्या बाजूला असते आणि बारीक दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी बारीक खाच अंगठ्याकडे होती.

हातात फिरला असेल, असं म्हणून मी दुसरी मूठ घेतली. आवळली आणि न हलवता अलगद बोटं उघडली. तेच. उजव्या तळहातावर डाव्या मुठीचा गोळा. आरशात बघावं तसा.

मी तो पटकन मोडला. कडा स्वच्छ होत्या. वाळू तयार होती. मनाशी म्हटलं, क्रिसांता, धुक्यात उजेड कमी असतो आणि तुझी चाळिशी उलटलीय. आणि कामाला लागले.

आणखी काही दिवसांनी ढिगावर हात दिसला. संध्याकाळी मी ढीग फळीनं गुळगुळीत करते. ती माझी सवय आहे, लोक मला त्यावरून चिडवतात. सकाळी गोणपाटाखाली मधोमध एक पंजा उमटलेला. डावा. पण त्याला रेघा नव्हत्या. बोटांना पेरं नव्हती, नखं नव्हती. लहान मुलं कणकेचा हात करतात ना, तसा.

मी भट्टीकडच्या दारातून हाक मारली. "निकानोर! माझ्या ढिगावर हात कुणी मारला?"

तो येऊन वाकून बघू लागला. "मांजर असेल."

"पाच बोटांचं?"

"मांजराची बोटं तू कधी मोजलीस?"

"चेष्टा पुरे. तूच असणार."

"मग बघूच," असं म्हणत त्यानं आपला डावा हात त्या ठशात ठेवला आणि जोरानं दाबला. "घे, बसला. माझाच. झालं समाधान? आता कॉफी दे."

त्यानं हात काढला तेव्हा ठशात त्याच्या सगळ्या रेघा उतरल्या होत्या, आणि अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा वळही. मी फळीनं ते सगळं पुसलं. दोनदा पुसलं.

दुसऱ्या सकाळी गोणपाट उचललं तर पंजा पुन्हा होता. या वेळी रेघांसकट. वळासकट.

४

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? वाळू ठसा धरते, तिचं कामच ते. पण सासूबाई ताजं पाणी घेऊन आत आल्या आणि मी पुसायच्या आधीच त्यांनी तो पंजा बघितला. घागर खाली ठेवली आणि ढिगावर वाकल्या.

"डावा आहे," त्या म्हणाल्या.

"निकानोरचा आहे, आई. तो बघा वळ..."

"निकानोर उजव्या हाताचा. फिदेन्सिओ डावरा होता. पेन्सिल डाव्या हातात धरली म्हणून शाळेत मार खायचा माझा पोरगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ही वाळू कुठून आणलीय, क्रिसांता?"

ते त्यांना ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून सासूबाई वाळूच्या खोलीत बसायला लागल्या. खुर्ची नेली, शाल नेली. दुपारी गोड पाव आणि कॉफीचे दोन पेले घेऊन जायच्या. मी चाळत असले तर गप्प बसायच्या, बाहेर पडले की बोलायला लागायच्या. पडद्याआडून मला ऐकू यायचं. फिदेन्सिओ लहानपणी टर्कीच्या मागे धावताना विहिरीत कसा पडला होता, त्याच्या बापानं त्याला कसा बाहेर काढला, असलं सगळं. हसायच्यासुद्धा. दरड आल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

निकानोर म्हणाला, "बोलू दे. कुणाला काय त्रास आहे? भिंतीशी बोलण्यापेक्षा वाळू बरी."

मलाही ते पटलं असतं. पण त्या बोलताना मधे मधे थांबायच्या. एकटं बोलणारं माणसही थांबतं, श्वास घ्यायला, आठवायला. सासूबाई तशा थांबत नव्हत्या. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायला जेवढा वेळ लागतो, नेमक्या तेवढ्या थांबायच्या आणि मग म्हणायच्या, "हो रे, बरोबर. निळा होता तो सदरा."

मी पडद्याला कान लावला. मधल्या वेळात काही ऐकू आलं नाही. नुसती वाळू बसत होती. ओला ढीग आतून दबताना असा बारीक आवाज होतोच.

५

घंटेचा साचा निकानोरनं आणि मी मिळून भरला. लाकडी नमुन्याभोवती पेटीत वाळू ठोकली, कोळशाची पूड फडक्यातून उडवली, पेटी उघडून नमुना अलगद काढला. दिवा आत धरून मी पोकळी सगळ्या बाजूंनी बघितली. हेही माझंच काम. आतली भिंत अंड्यासारखी नितळ होती. वर खांद्यापाशी फिदेन्सिओचं नाव तेवढं कोरलेलं. मी "बंद कर" म्हटलं, त्यानं बंद केलं. त्याच सकाळी ओतलं.

ओतताना इलारिओ आला होता. आमच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला, म्हणून आमचा कोंपाद्रे, आणि नव्या देवळीचं काम बघणाराही तोच. दुसऱ्या दिवशी साचा फोडतानाही तोच हजर. निकानोरनं पेटीवर घाव घातला, वाळू ढासळली आणि घंटा उघडी पडली. काळपट, अजून कोमट.

"देखणी झालीय," इलारिओ म्हणाला. मग वाकला. "हे काय काढलंस रे इथं, खांद्यावर?"

नावाच्या जरा खाली, घंटेच्या अंगातून बाहेर आलेला एक कान होता. आख्खा माणसाचा कान. पाळी, आतली वळणं, भोकाच्या तोंडाशी थोडी रेती अडकलेली. पोकळीत शिरून कुणी साच्याच्या भिंतीला कान लावून ऐकावं, तर वाळूत जो खड्डा पडेल तो भरून निघाला होता.

निकानोरचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज मात्र कोरडा होता. "देवळीची घंटा आहे, कोंपाद्रे. लोकांची गाऱ्हाणी ऐकायला नकोत का तिला?"

इलारिओ हसला. "पाद्रीबाबा बघतील हं. तासून टाक."

तो गेल्यावर निकानोरनं छिन्नी घेतली. कान तोडायला त्याला खूप वेळ लागला. तुकडा खाली पडला तेव्हा त्यानं तो पक्कडीत धरून सरळ भट्टीत टाकला, हातानं शिवला नाही.

"ठोकताना कुठे पोकळ राहिलं असेल," तो म्हणाला.

"असेल."

"तू बघितलं होतंस ना आत?"

"बघितलं होतं."

त्यानं हातोडी घेऊन घंटेवर एक टोला दिला. घंटेचा आवाज चांगला होता.

६

घंटा झाली. वाळू आता टाकून देऊ, असं मी ठरवत होते, तेव्हाची गोष्ट.

दुपारी धुकं उतरलं होतं. मी भिजवलेला मका दळून आले आणि वाळूच्या खोलीत शांतता वाटली म्हणून पडदा सारला. सासूबाई ढिगासमोर गुडघ्यांवर होत्या. दोन्ही हात मागे, पाठीवर धरलेले. आणि डोकं वाळूत, कानांपर्यंत.

चक्कर येऊन पडल्या, दुसरं काय वाटणार? मी धावले, खांद्यांना धरून मागे ओढलं. ओढायला जोर लागला, चिखलातून पाय काढायला लागतो तसा. चेहरा वर आला तो सगळा तांबडा. पापण्यांवर वाळू, ओठांवर वाळू. आणि त्या हसत होत्या.

"आई! काय करताय हे? गुदमरला असता!"

"त्यानं तोंड पुढं केलं गं," त्या म्हणाल्या. "लहानपणी करायचा तसं. मी मुका घ्यायचा नाही?"

मी ढिगाकडे पाहिलं. खळगा होता. त्यांच्याच चेहऱ्याचा, कपाळाच्या सुरकुत्या, बसकं नाक, हनुवटीवरचा तीळ. दुसरं काही नव्हतं. मी फळी उचलली तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे तो."

मी राहू दिला. सकाळी पुसू म्हटलं. सकाळी बघितलं तर ढीग गुळगुळीत होता, कुणीतरी आधीच फळी फिरवल्यासारखा.

७

आणि त्याच आठवड्यात फिदेन्सिओ सापडला.

इलारिओ धापा टाकत अंगणात आला. टोपी हातात. त्याला बोलावं लागलं नाही. ओढ्यातले ओंडके काढताना माणसांना तो दिसला होता. खूप खाली, वळणाच्या पलीकडे, पाण्याच्या दुसऱ्या काठाला. आम्ही वाळू काढली तिथून फार लांब. पाण्यानं त्याला पहिल्याच दिवशी नेलं असणार. कमरेला निकानोरनंच ओतलेलं बक्कल होतं आणि डाव्या मनगटाला घंटेच्या दोराचे वेढे. शेवटपर्यंत सोडला नव्हता.

आम्ही त्याला पुरलं. नव्या घंटेचा पहिला टोल त्याच्यासाठी पडला. सासूबाई रडल्या, मोठ्यानं, गाव ऐकेल असं. बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली बिचारी. मलाही वाटलं, सुटलो. मीही रडले. तो चांगला माणूस होता. मला वहिनी म्हणताना नेहमी लाजायचा.

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी गळ्याशी आवळून धरली.

"क्रिसांता," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझा पोरगा तिकडं होता. ओढ्यात."

"हो आई."

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"त्याला सगळं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची नावं सांगितली."

८

उद्या खेचर आणून वाळू परत टाकून येऊ, असं निकानोरनं कबूल केलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

सकाळी दाट धुकं. अंगणातल्या दगडावर मी कपडे धूत होते आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून पाणी ओतत होत्या. शेडमध्ये निकानोर भट्टीची राख काढत होता. फावड्याचा खरखर आवाज येत होता.

वाळूच्या खोलीतून हाक आली. "क्रिसांता."

सासूबाईंचा आवाज. तोच जरा घोगरा, नावाच्या शेवटी लांबवलेला. माझ्या तोंडात "अं?" आलंसुद्धा होतं. मी मान वर केली. सासूबाई माझ्या समोर होत्या, तांब्या हातात. त्यांचे ओठ मिटलेले.

त्यांनी ओला हात माझ्या तोंडावर ठेवला. "ओ देऊ नकोस," त्या पुटपुटल्या.

"क्रिसांता. अगं, क्रिसांता." आणि मग थोडं थांबून, माणसाचं वाक्य पुरं व्हायला लागतो तेवढा वेळ थांबून, "निकानोर!"

फावडं थांबलं.

"आलो, आई," निकानोर शेडमधून म्हणाला.

सासूबाईंच्या हातातून तांब्या पडला. "निकानोर, जाऊ नकोस!" त्या किंचाळल्या. "मी इथं आहे!"

"मी इथं आहे," खोलीतून आवाज आला. तसाच. फक्त त्यात भीती नव्हती.

मी धावले. पडदा कसा ओढला आठवत नाही, पोतं खिळ्यासकट माझ्या हातात आलं. समोरच्या दारात निकानोर उभा होता, एक पाय आत टाकलेला. आमच्या दोघांच्या मधे ढीग. आणि ढिगावर, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. वाळूच्याच रंगाचं. शालीची वीण मला स्पष्ट दिसली, एकेक धागा. डोकं निकानोरकडे वर केलेलं, आई उभ्या लेकाकडे बघते तसं.

दाराचा उजेड पडला आणि ते खचलं. आवाजही फार झाला नाही. ओला ढीग कडेनं ढासळावा तेवढाच.

निकानोर तसाच उभा होता. त्याच्या गुडघ्यापर्यंत वाळू आली होती.

"काय बघितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. ढीग खचला," तो म्हणाला. मग माझ्यामागे अंगणात उभ्या असलेल्या आईकडे त्यानं पाहिलं. बघत राहिला. बघता बघता रडायला लागला.

समोरून त्याला काय दिसलं होतं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही.

९

वाळू आम्ही दरडीवर नेऊन ओतली. खोली झाडली, धुतली, चुन्यानं सारवली. आता वाळू दुसऱ्या गावाहून येते, पिवळी, भरड, हट्टी. तिला चिकणमाती लागते, काकवी लागते. मी तक्रार करत नाही.

सासूबाई त्यानंतर कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत. जे काही ते कानाशी. पाहुण्यांना वाटायचं घसा गेला. मला एकदा म्हणाल्या, "वाळूला जेवढा आवाज दिला तेवढा पुरे." आणि निकानोरला रोज बाहेर पडताना एकच सांगायच्या, बाळाला बजावावं तसं, शर्टाची गुंडी लावत. "वाटेत मी हाक मारली तर ओ देऊ नकोस. मी कधी हाक मारणार नाही. मी तुला शोधत स्वतः येईन."

दरडीच्या वाटेनं जाणं लोकांनी हळूहळू सोडलं. कारण कुणी बोलत नाही. इलारिओची खेचरं तिकडून जात नाहीत म्हणून तो लांबच्या वाटेनं जातो, एवढंच तो सांगतो. मी त्याला एकदा विचारलं, "कोंपाद्रे, तिकडं काही ऐकलंत का तुम्ही?" त्यानं टोपी नीट केली. "धुक्यात काय, काहीही ऐकू येतं, क्रिसांता. तुमच्या घरचं कुणी दरडीवर लाकडं वेचायला जातं का?"

"नाही."

"मग काही ऐकलं नाही मी."

१०

या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. झोपेत, त्रास न होता. निकानोर त्यांच्या उशाशी बसून होता. त्या कानाशी बोलायच्या म्हणून त्याला शेवटपर्यंत वाकून बसायची सवय लागली होती. श्वास थांबल्यावरही तो तसाच वाकलेला राहिला. मीच त्याला उठवलं.

फिदेन्सिओच्या शेजारी त्यांना पुरलं. घंटा वाजली. परतताना धुकं एवढं उतरलं की पुढच्याची पाठ दिसेना. आम्ही दहा-बारा जण एकमेकांच्या मागे चालत होतो. जाताना धरलेली लांबची वाट तोवर पावसानं खचली होती, त्यामुळे दरडीच्या पायथ्यावरूनच जावं लागलं. निकानोरचा दंड मी धरला होता.

वरून हाक आली.

"निकानोर!"

खणखणीत, मोकळा, पोट भरून मारलेला आवाज. सासूबाईंचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. रांग जागच्या जागी थांबली. इलारिओनं मान खाली घातली. एका बाईनं पोराला शालीत ओढलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

निकानोरचा दंड माझ्या हातात ताठ झाला. मला ठाऊक होतं, त्यानं ओ द्यायला नको हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याची आई दोन तासांपूर्वी मातीत गेली होती.

"आलो, आई."

निकानोरचाच आवाज, त्या सकाळी शेडमधून दिला होता तसाच. वरून घरंगळत आला, दगडांना लागत लागत.

डोंगरात आवाज फिरून येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग ते ओ द्यायला उघडले.